विसाव्याचा हिशेब

(१९९६ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'चाळिशीनंतरची सायकल' असा विषय आणि पंधरा मिनिटं दिली आहेत. वर फोनवर सांगितलं, "लोकांना स्फूर्ती मिळेल असं काहीतरी बोल." स्फूर्तीचं मला जमत नाही. मी दिवसभर प्रोग्रॅम लिहिते आणि चालत नसलेले प्रोग्रॅम का चालत नाहीत ते शोधते, त्यामुळे बोलायला बसलं की आकडेच निघतात. तेव्हा एका आठवड्याचा हिशेब मांडते. गेल्या ऑक्टोबरमधला आठवडा आहे, वहीत लिहून ठेवलेला.

आधी हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं, कारण मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारलं, "शर्यतीत कितवी आलीस?" मी शर्यतीत जात नाही. बीआरएम नावाचा एक प्रकार असतो. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर अशी ठरलेली अंतरं ठरलेल्या वेळेत सायकलने पुरी करायची. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास. वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची. त्या ठिकाणांखेरीज मध्ये कुठे गाडीतून मदत घ्यायची नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. पहिला-दुसरा नंबर नसतो. बारा तासांत पोहोचलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी पोहोचलेला, दोघांची नोंद सारखीच. याची मुख्य संस्था फ्रान्समध्ये आहे, ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ, आणि तिकडे दर चार वर्षांनी पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी १२०० किलोमीटरची मोठी फेरी निघते, ९० तासांची. मी तिथे जाणार नाहीये, काळजी नसावी. माझ्या दोन वेळा २०० झाल्या आहेत आणि आता ३०० करायची आहे. म्हणजे रात्रीही चालवावी लागणार.

त्यासाठी आठवडा बसवावा लागतो. माझा असा होता.

मंगळवारी पहाटे घरातच, सायकलचं मागचं चाक स्टँडवर अडकवून. आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे जोरात, मध्ये चार-चार मिनिटं हळू, पुढेमागे थोडं अंग सैल करणं, असा एक तास. याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, घाम येतो आणि कंटाळा येतो. बुधवारी धनकवडीहून स्वारगेट, सारसबाग, टिळक रस्ता असा तासभर आरामात. गुरुवारी जुना कात्रज घाट, बोगद्यापर्यंत जाऊन परत, सव्वा तास. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी लांबची फेरी. रविवारी लेकीबरोबर तासभर, तिच्या वेगाने. सोमवारी पुन्हा सुट्टी.

शनिवारबद्दल मात्र थोडं सांगते, कारण ती फेरी आपल्या गावावरून जाते. पहाटे पाचला निघायचं, कोंढव्यावरून बोपदेव घाट चढायचा, सासवडला चहा, पुढे जेजुरी, आणि परतीला दिवेघाट उतरून हडपसरवरून घरी. शंभर किलोमीटर, चालवण्याचे पाच तास. बोपदेव लहान आहे पण खडा आहे. आपण शाळेत असताना तिथून एसटीने जायचो तेव्हा ड्रायव्हर गिअर बदलायचा, तो आवाज आठवतो का? त्याच वळणांवर मीही बदलते. दर तासाला दोन केळी किंवा राजगिऱ्याचे लाडू पोटात गेलेच पाहिजेत, भूक लागो न लागो. तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, असा लांबच्या फेरीचा सर्वसाधारण नियम आहे, आणि एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास मिळतात. बाजारात यासाठी महागडी पाकिटं मिळतात, मला केळी बरी वाटतात. परतताना सासवडच्या बाजारातून सीताफळं घ्यायचा मोह होतो. जर्सीच्या मागच्या खिशात पिकलेली सीताफळं घालून दिवेघाट उतरू नये, एवढा अनुभवाचा सल्ला देऊन ठेवते.

आता खरा मुद्दा. सायकल चालवून माणूस दणकट होतो, असं आपण समजतो. चालवताना प्रत्यक्षात काय होतं? स्नायूंतला साखरेचा साठा संपतो, तंतूंना बारीक इजा होते, पाणी आणि क्षार जातात. शनिवारी दुपारी घरी येते तेव्हा मी सकाळच्यापेक्षा दुबळी असते. साठा पुन्हा पूर्ण भरायला नीट जेवूनही साधारण एक दिवस लागतो, डागडुजीला त्याहून जास्त. ती होताना शरीर थोडं पुढचं बांधकाम करून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी तोच घाट जरा सोपा जातो. हे सगळं काम सायकल भिंतीला टेकलेली असताना होतं, आणि त्यातलं बरंचसं झोपेत.

आपल्या गावाला हे नव्याने सांगायला नको. माउलींची पालखी पुण्याहून निघते तो टप्पा लांबचा, त्यात दिवेघाट. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. आणि घाट चढून आल्यावर सासवडला मुक्काम असतो दोन रात्रींचा. आपले वर्ग वारकऱ्यांना दिलेले असायचे, फळ्यावर कोणीतरी खडूने विठ्ठल काढून ठेवायचं आणि आपण ते पुसायला तयार नसायचो. वाटेतही ठिकठिकाणी विसावे असतात, ठरलेले, वेळापत्रकात छापलेले. कोणी दमलंय का असं विचारून विसावा ठरत नाही. तो आधीच असतो.

माझ्या वेळापत्रकातही दोन विसावे होते, सोमवार आणि शुक्रवार. कागदावर आठवडा उत्तम होता. तरीही ऑक्टोबरात मी थकत चालले होते. उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची माझी सवय आहे. एरवी ती छप्पनच्या आसपास असते. त्या पंधरवड्यात ती बासष्ट, चौसष्ट अशी येत होती. कात्रजचा तोच चढ जास्त वेळ खात होता. आणि चिडचिड होती, ती मोजायचं यंत्र नाही, पण घरच्यांकडे नोंद असेल.

प्रोग्रॅम बिघडला की आम्ही एकेक शक्यता खोडत जातो. पहिली शक्यता रक्ताची. आपल्या वर्गातली डॉक्टर मैत्रीण, ती समोर बसली आहे आणि नाव घेऊ नको म्हणाली आहे, तिने फोनवर माझं पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. "आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करून ये, मग बोल." मुलींनो, हे तुम्हा सगळ्यांसाठी आहे, सायकल चालवा किंवा चालवू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. या सभागृहात ते प्रमाण कमी असेल असं मानायला काही आधार नाही. माझं हिमोग्लोबिन १२.४ निघालं, हवं त्या मर्यादेच्या थोडं वर. फेरिटिनही ठीक. थायरॉइड ठीक. दुसरी शक्यता झोपेची. कामावर रात्री-अपरात्री यंत्रणा बंद पडली तर ज्याला फोन येतो, ती पाळी त्या महिन्यात माझी नव्हती. तीही शक्यता खोडली.

मग मी श्रमाचा हिशेब काढायला बसले. कार्ल फोस्टर नावाच्या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञांची एक सोपी पद्धत आहे. व्यायाम झाल्यावर स्वतःला विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती कठीण गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं, म्हणजे त्या दिवसाचा भार. साठ मिनिटं, कष्ट सात, भार चारशेवीस. फोस्टर यांनी आणखी एक गोष्ट मोजली, एकसुरीपणा. आठवड्याच्या सात भारांची सरासरी काढायची आणि तिला त्यांच्या प्रमाण विचलनाने भागायचं. गणिताच्या बाई हसताहेत. बाई, प्रमाण विचलन मी तुमच्याकडे नाही, नंतर शिकले, पण सरासरी तुमचीच आहे. एखाद्या दिवशी खूप आणि एखाद्या दिवशी काहीच नाही, असं असेल तर हा आकडा लहान येतो. रोज सारखंच असेल तर मोठा. भारही जास्त आणि एकसुरीपणाही जास्त, अशा वेळी खेळाडू आजारी पडतात, असं त्यांचं निरीक्षण. आकडा दोनच्या वर गेला की सावध व्हावं, असं साधारणपणे मानतात.

माझ्या आठवड्याचा भार आला २,६७० आणि एकसुरीपणा ०.७८. म्हणजे अगदी सुरेख. या आकड्यांवर कोणीही प्रशिक्षकाने शेरा मारला असता, चालू ठेव.

आकडे बरोबर आणि यंत्र बिघडलेलं, असं असेल तर आमच्या धंद्यात एक प्रश्न विचारतात. मोजायचं काय राहिलंय?

सोमवार हा माझा विश्रांतीचा दिवस. म्हणजे सायकल नाही. म्हणून मी 'मोकळी'. मोकळी असल्यामुळे आठवड्याचे कपडे सोमवारी. सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं ते सोमवारी, तिथे दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. आठवड्याची भाजी निवडणं, दळण, फ्रीज पुसणं, लेकीचा प्रकल्प. शुक्रवारीही याच चालीवर, थोडं कमी. रविवारी पाहुणे. मी आठवडाभर एका कागदावर मिनिटं टिपली आणि प्रत्येक कामाला शून्य ते दहामधला आकडा दिला. फोस्टर यांची पद्धत खेळाडूंच्या सरावासाठी आहे, तिच्यात कपडे वाळत घालणं बसवणं हा माझा उद्योग, त्याचं खापर त्यांच्यावर नको. ऑफिस मी धरलंच नाही, ते बसून असतं. तरी सोमवार आला ९६०. गुरुवारी, घरकाम धरून कात्रज घाटाचा दिवस, ६३०.

विश्रांतीचा दिवस घाटाच्या दिवसापेक्षा दीडपट जड होता.

आठवड्याचा एकूण भार ६,०९०. एकसुरीपणा २.२८.

हा कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. भाषण केलं नाही, नुसता ठेवला. नवऱ्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "माझा काढून बघ." काढला. आठवड्यात दोनदा बॅडमिंटन, उरलेले दिवस बिनधास्त. त्याचा आकडा इतका चांगला आला, की त्यालाच तो कोणाला दाखवायचा नव्हता. तो मुळात न्यायाने वागणारा माणूस आहे, फक्त त्याला कोणी कोष्टक दाखवलं नव्हतं. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सोमवारी रात्री मला खिचडी चालते." आमच्या घरात हा मोठा ठराव आहे. कपडे आता शनिवारी दुपारी लेक आणि तिचा बाबा करतात. घड्या मला आवडतील अशा नसतात. फिजिओथेरपीला तो नेतो. पाहुण्यांना रविवारी 'या' म्हणायच्या आधी दोघांनी एकमेकांना विचारायचं ठरलं आहे. डिसेंबरात पुन्हा मोजलं तेव्हा भार ४,३५० आणि एकसुरीपणा १.३१ आला. सायकलची मिनिटं तीच होती. नाडी तीन आठवड्यांत सत्तावन्नवर आली.

इथे थांबले असते तर संयोजकांना हवी ती स्फूर्तीची गोष्ट झाली असती. पण कोष्टकाचं एक वाईट असतं, एकदा तयार झालं की त्यात कोणालाही घालून बघता येतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. हे त्यांना विचारून सांगते आहे. "सांगा की, त्यात काय लपवायचंय," असं त्या म्हणाल्या. त्या रोज पाच घरं करतात, आमचं धरून. मी त्यांना विचारलं, कुठल्या दिवशी किती वेळ जातो, किती दमायला होतं? शून्य ते दहा समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो ताई, सगळे दिवस सारखेच. सात तास. पाच लिहा." सोमवार? पाच. रविवार? पाच. मी लिहिलं. रोजचे २,१००, आठवड्याचे १४,७००. त्यांच्या स्वतःच्या घरचं काम यात नाही.

एकसुरीपणाच्या रकान्यात आकडा येईना. संगणक चूक दाखवत राहिला. सातही दिवस सारखे म्हणजे विचलन शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. बाई, हे मात्र तुमच्याकडेच शिकले होते, आठवीत.

मी प्रोग्रॅम लिहिते, शून्याने भागाकार ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट आहे. दोन ओळी वाढवल्या की चूक दिसायची थांबते. तसं केलं नाही. मावशींना तो रकाना दाखवला तर त्या हसल्या, "म्हणजे माझा हिशेबच होत नाही म्हणा."

आता आमच्याकडे सोमवारी त्यांना भरपगारी सुट्टी आहे. खिचडी नवरा लावतो. पण एका घराच्या सुट्टीने काय होणार? पाचही घरांनी एकाच दिवशी दिली तर ती सुट्टी. नाहीतर बस धरून यायचंच, चार घरांसाठी काय आणि पाच घरांसाठी काय. मी त्या चार घरी जाऊन बोलले. तीन घरं आमच्याच सोसायटीतली, ओळखीची. एका आजोबांनी लगेच हो म्हटलं. एका घरी दोघंही नोकरीला जाणारे, त्यांनी विचार करून आठ दिवसांनी कळवलं, चालेल. एका घरी मला चहा दिला आणि विषय बदलला. चौथ्या घरी म्हणाले, सुट्टी द्यायला हरकत नाही, त्या दिवसाचे पैसे कापू. मावशींनी ती सुट्टी नाकारली, आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणजे सध्या सोमवारी दोन घरं उरली आहेत. नवे आकडे घातले तर रकान्यात ४.३५ येतात. निदान भागाकार होतो. पाचही घरांनी सुट्टी दिली, तरी तो २.४५ च येईल, दोनच्या वरच, कारण उरलेले सहा दिवस तसेच राहतात. हे मी दोनदा तपासलं.

यात आपल्यापैकी कोणाला काही करता येईल का, ते तुमचं तुम्ही बघा. आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांच्या घरी कोणीतरी मावशी आहेत, आणि मघापासून चारपाच जण मोबाइलवर गुणाकार करताना मला इथून दिसताहेत. मैत्रिणींनो, तुम्ही स्वतःचाही करा. कागद, पेन आणि सात दिवस लागतात. कामाची मिनिटं लिहिताना लाजू नका, पाणी भरणंसुद्धा लिहा. वहीत ते खूप क्षुल्लक दिसतं, बेरजेत दिसत नाही.

माझी ३०० जानेवारीच्या शेवटी आहे. पहाटे सुटायचं आणि मध्यरात्रीपर्यंत यायचं. पुढेमागे दिवे, अंगावर चमकणारा पट्टा, खिशात पंक्चरचं सामान. होईल की नाही, माहीत नाही. २०० च्या वेळी शेवटच्या वीस किलोमीटरला डोकं चालत नव्हतं आणि एका टपरीवाल्याने मीठ-साखर-लिंबाचं पाणी करून दिलं होतं, तशी टपरी रात्री अकराला उघडी असेलच असं नाही. त्या शनिवारनंतरचा सोमवार मात्र आत्ताच घरच्या कॅलेंडरवर लाल करून ठेवला आहे. मंगळवारही.

आणि उद्याचं. काल रात्री गटावर टाकलं होतं, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी परत सांगते. उद्या रविवार, सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी जमायचं. सोपानदेवांच्या देवळापर्यंत जायचं, कऱ्हेच्या कडेने फिरून यायचं. वेग असा, की शेजारच्याशी न धापता बोलता आलं पाहिजे, कारण बोलायचंच आहे. सात सायकली जमल्या आहेत, आळीपाळीने चालवू. उरलेल्यांनी चालत यावं. गुडघेदुखीवाल्यांना देवळाच्या पायरीवर आमची वाट बघता येईल. पीटीच्या सरांनी सगळ्यांचे ब्रेक तपासायचं कबूल केलं आहे आणि ते साडेसहा म्हणजे साडेसहालाच येतात, हे तुम्हाला माहीत आहे.